आकडा खरा, पण रक्त कधीचे?

मित्रांनो, मी रुग्णालयातले एक जुने यंत्र आहे. रक्तात औषध किती आहे, ते मी मोजतो. माझे मोजमाप सहसा चुकत नाही, तरी मला माझ्याच आकड्यांची धास्ती वाटते.

नवा होतो तेव्हा काय माझा थाट! मोठमोठे डॉक्टर मला बघायला यायचे. पुढे माझ्या आकड्यांची सगळ्यांना सवय झाली आणि तिथेच घात झाला.

आमच्याकडे सकाळी आठला औषध आणि नऊला सरसकट सगळ्यांचे रक्त, असा शिरस्ता होता. एका शिंप्याची सात वर्षांची मुलगी फिट येते म्हणून दाखल झाली. तासाभरापूर्वीच घेतलेले औषध रक्तात उतरलेले, त्यामुळे माझा आकडा मोठा आला. तरुण डॉक्टरांनी लगेच डोस निम्मा केला. मी आतल्या आत घाबरलो, पण ओरडणार कसा?

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातून शिंप्याचा आवाज आला, "अहो, कुणीतरी या! पोरगी निळी पडलीय!"

मुलगी थोडक्यात वाचली. नऊला पुन्हा रक्त आले आणि आकडा पुन्हा पुरेसा दिसला. "औषध भरपूर आहे, पण लागू पडत नाही. उद्यापासून बंद करू," डॉक्टर फोनवर म्हणाले.

फोन माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी घेतला होता. "डॉक्टर, डोस कधी दिला होता?"

"आठला. का हो?"

"अहो, जेवून उठलेल्याची भूक मोजताय तुम्ही! औषध थांबवू नका. उद्या डोसच्या आधी, औषध सगळ्यात कमी उरलेलं असतं तेव्हा, मी स्वतः रक्त घेते."

दुसऱ्या दिवशीचा आकडा पाहायला डॉक्टर स्वतः खाली आले. औषध हवे त्याच्या निम्मेही नव्हते.

"ताई, मी आज ते बंद करणार होतो."

"आता बाकीच्यांनाही बोलवा. सगळ्यांनीच शिकायला हवं."

ताईंनी सगळ्या डॉक्टरांना माझ्यासमोर उभे करून त्या मुलीचे डोसनंतरचे आणि डोसआधीचे आकडे दाखवले. तेव्हापासून रक्तासोबत येणाऱ्या चिठ्ठीवर डोसची आणि रक्ताची वेळ लिहायची असे ठरले. डोस पूर्ववत झाला आणि मुलगी चालत घरी गेली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालात, तर आकडा वाचण्याआधी वेळ विचारा. आजही एखादी चिठ्ठी वेळेशिवाय येते. ते रक्त कुणाच्या लेकीचे आहे, मला ठाऊक नसते. मी घाबरतो, आणि तरीही आकडा छापतो.