काकांचा तिसरा स्कोप

“हा पण परत घे गं शैलजा,” विष्णूकाकांनी काउंटरवर खोकं ठेवलं. “डायल घसरते याची.”

दोन महिन्यांतला हा तिसरा. इथे अमेरिकेत, शुगर लँडच्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात मी रायफलवर बसवायच्या दुर्बिणी, म्हणजे स्कोप, विकते. स्वतः आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही. सांगलीत सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात पंधरा वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, त्या भांडवलावर ही नोकरी मिळाली. देश बदलला, गिऱ्हाइकाची तक्रार तीच: नीट दिसत नाही.

काका रिफायनरीतले निवृत्त इंजिनियर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीची किती पुस्तकं लागतील याचीसुद्धा यादी करणारा माणूस. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, काकांनी नेमबाजीचे सामने धरले. मैदानात शंभरपासून चारशे यार्डांपर्यंत पोलादी पाट्या टांगलेल्या असतात. पंच क्रम एकदाच सांगतो, आणि नव्वद सेकंदांत त्याच क्रमाने चारही पाट्या वाजवायच्या. अंतर बदललं की स्कोपवरची डायल त्या आकड्यावर फिरवायची.

“ज्याच्यात जवळचं पटकन दिसतं, त्यात लांबची पाटी मुंगीएवढी,” काका म्हणाले. “ज्याच्यात लांबचं मोठं दिसतं, त्यात जवळची पाटी शोधण्यातच टाइम जातो. मग घ्यायचा कुठला? तूच सांग.”

“काका, म्हणून तर मागच्या वेळी मधला दिला होता ना?”

“कुठला मधला?”

मी खोक्यातला स्कोप काढून दारातून समोर बघितलं. पार्किंगपलीकडच्या टायरच्या दुकानाचं नाव स्वच्छ वाचता आलं. डायल फिरवली. प्रत्येक खुणेला टक्क करून थांबत होती. मग घसरत होतं काय? माझाच गोंधळ उडाला.

“सामन्यात नेमकं होतं काय?”

“परवा पाटी होती दोनशेची आणि डायल चारशेवर. गोळी वरून गेली. पंच म्हणतो, यू डायल्ड राँग. अगं, चाळीस वर्षं व्हॉल्व्हचे सीक्वेन्स तोंडपाठ होते माझे. एक चुकला असता तर अख्खं युनिट उडालं असतं. मी राँग करीन?”

त्यांनी वही पुढे केली. “बघ, सगळा रिसर्च केलाय.”

सुवाच्य अक्षर, आखलेल्या उभ्या रेघा, तारखा. एकाच मॉडेलचं नाव तीनदा लिहिलेलं. जूनमधला शेरा: ‘उत्तम. हाच घ्यावा.’ जुलैमध्ये: ‘प्रथमच ऐकतो आहे. चौकशी करावी.’ ऑगस्टमध्ये: ‘नवीन निघालेला दिसतो.’ नंबरात एखादं अक्षर वेगळं असेल म्हणून मी बोट ठेवून ठेवून वाचलं. वेगळं काही नव्हतं. आणि तोच स्कोप आत्ता माझ्या हातात होता.

सासरे म्हणायचे, गिऱ्हाईक काचेला दोष देतं तेव्हा वाद घालू नये, काच पुसावी आणि परत वाचायला लावावं. मी काच पुसली.

“काका, समजा मी पंच. शंभर, चारशे, दोनशे, तीनशे. फिरवा.”

त्यांनी शंभर लावलं. चारशे लावलं. बोटं थांबली. “पुढे काय म्हणालीस?”

“दोनशे, तीनशे.”

“दुकानात गलका फार आहे.”

दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

“परत करू या,” मी म्हटलं. या वेळी ते शंभरनंतरच अडकले. तिसऱ्यांदा मी क्रम सांगितला, तेव्हा त्यांनी डायलला हातच लावला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्कोप हळूच खोक्यात ठेवला.

कुठून हे शहाणपण सुचलं मला? मुकाट्याने बदलून दिला असता, तर शनिवारच्या सामन्याला माणूस खुशीत गेला असता. पण शनिवारी त्यांच्या हातात भरलेली रायफल असणार, आणि आजूबाजूला माणसं. काकूंना सांगावं की गप्प बसावं, काही सुचेना.

“संध्याला सांगणार का?” काकांनीच विचारलं.

“मला कळत नाहीये, काका. आधी डॉक्टरांना दाखवू या ना. झोपेचं असेल, एखाद्या औषधाचं असेल.”

“दाखवू. पण शनिवार त्याच्या आधी येतोय.” त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. “माझ्या हाताखालचा माणूस सीक्वेन्स विसरला असता, तर मी त्याला व्हॉल्व्हला हात लावू दिला असता का?”

प्रश्न मला नव्हताच.

शेजारच्या इंडियन ग्रोसरीत काकू सामान घेत होत्या. काकांनी त्यांना फोन लावला. “झालं की इकडे ये. घाई नाही.” मग खिशातून जुडगा काढून ते त्यातली एक किल्ली सोडवायला लागले. कडी घट्ट होती, नखं सटकत होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

संध्याकाकू दोन पिशव्या सावरत आत आल्या. “झाला का एकदाचा पसंत?”

“स्कोप चांगला आहे. मला नको,” काका म्हणाले आणि त्यांनी किल्ली काकूंच्या हातावर ठेवली. “रायफलच्या कपाटाची आहे. तुझ्याकडे ठेव.”

काकू काही विचारतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी काहीच विचारलं नाही. किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली, चेन लावली आणि पर्स दोन्ही हातांनी धरून तशाच उभ्या राहिल्या. मला जे आज कळलं होतं ते त्यांना केव्हाचं माहीत होतं, आणि इतके दिवस त्या ते एकट्या घेऊन बसल्या होत्या. मला स्वतःचीच लाज वाटली.

ते दोघं बाहेर पडले. मी काचेतून बघत होते. काका सवयीने ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि त्यांनी दार उघडलं. क्षणभर तसेच थांबले. मग बाजूला झाले, काकूंच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि काकू आत बसेपर्यंत दार धरून उभे राहिले.