आधी बोटं, मग दिवा

सकाळचे साडेआठ वाजले होते. पुरुषांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवरील धोबेई बेहेरा यांच्या छातीचा फोटो माझ्यावर उलटा लावला गेला. उजवी बाजू डावीकडे आणि डावी उजवीकडे. कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

मित्रांनो, एक्स-रे बघण्याची ती जुनी दिव्याची पेटी म्हणजे मी. कलकत्त्याच्या एका लहान कारखान्यात माझा पत्रा ठोकला गेला. पुढे दुधी काच बसवली, आत दिव्याच्या दोन नळ्या. तिथून मी ओडिशातल्या या सरकारी इस्पितळात आले आणि वॉर्डाच्या भिंतीवर चढले. एमबीबीएस होऊन मेडिसिन शिकायला आलेले तरुण डॉक्टर माझ्यासमोर उभे राहत. तीन वर्षांनी ते जात आणि नवे येत.

त्यांना शिकवायला डॉ. गदाधर नंद होते. त्यांचा एक नियम होता. फोटो आला की ते माझ्या बटणावर तळहात ठेवून उभे राहत. शिकाऊ डॉक्टरने आधी रोग्याची छाती बोटांनी ठोकायची, कुठे पोकळ वाजते, कुठे बद्द, ते सर्वांसमोर सांगायचे. मगच ते दिवा लावत.

"अरे बाबू, छाती ठोकतोयस की दार?" ते म्हणत. "आत कोण आहे ते ऐक तरी!"

सगळे हसत. ज्याला बोलणे बसे तो पुन्हा ठोकू लागे. त्या दिवसांत माझी काच रोज पुसली जाई, आणि माझ्यासमोर उभे राहून खोटे बोलता येत नाही, असे नंद सार, म्हणजे आमचे सर, म्हणत.

मग फोटो संगणकाच्या पडद्यावर दिसू लागले. नंद सार निवृत्त झाले. माझी एक नळी गेली, ती कोणी बदलली नाही. माझ्या कडेला डॉक्टर आपले कोट अडकवू लागले.

काल सकाळी ते पडदे बंद पडले होते, म्हणून धोबेईंचा छापील फोटो आला. धोबेई चिलिका सरोवरावर मासे धरणारे. त्यांना दोन शब्द सलग बोलता येत नव्हते. छातीत पाणी भरले होते. पाण्याची जागा दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या दाराशी रांग होती आणि तोवर थांबण्याइतका दम त्यांच्यात उरला नव्हता. तिसऱ्या वर्षाचा डॉ. संबित हुशार मुलगा, पण तो पडद्यावर शिकलेला. पडद्यावर फोटो आपोआप सुलटा येतो. त्याने घाईने फोटो माझ्या चिमट्यात खोचला आणि म्हणाला, "पाणी उजवीकडं. सुई घालून काढू. पाठ पुसून घ्या."

पहिल्या वर्षाची लिपिका साहू पुढे झाली. नंद सारांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ती इथेच एमबीबीएसची विद्यार्थिनी होती.

"भाई, पाणी डावीकडं आहे. मी मघाशी ठोकून पाहिलंय."

"फोटो समोर आहे, लिपिका."

"फोटो दिसतोय मला. पण बोटांना डावीकडं बद्द लागलं."

"मग बोटांचाच फोटो काढून आण," संबित म्हणाला. दोघेतिघे हसले. कोणीतरी धोबेईंच्या पाठीवर उजव्या बाजूला औषधाचा बोळा फिरवला.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. मी फक्त उजेड देते. उलटा फोटोही मी तितक्याच स्वच्छ उजेडात दाखवते. ती सुई उजवीकडे गेली असती, तर धोबेईंचे जे एकच फुप्फुस चालत होते, त्यालाच भोक पडले असते.

लिपिकाचे कान लाल झाले होते. ती धोबेईंच्या मागे गेली. "मौसा, जरा वाका," म्हणाली आणि पाठ ठोकू लागली. उजवीकडे पोकळ आवाज आला. डावीकडे ओल्या मातीवर थाप मारावी तसा. तिने पुन्हा ठोकले, सगळ्यांना ऐकू येईल असे.

संबित माझ्याकडे आला. त्याने चिमट्यातून फोटो ओढून काढला. चिमट्याखाली बाजू सांगणारे अक्षर झाकले गेले होते. ते त्याने पाहिले आणि फोटो पलटून सुलटा लावला.

"हात धू," तो लिपिकाला म्हणाला. "सुई तूच घाल. मी बाजूला उभा आहे."

पाणी डावीकडून निघाले. दुपारी धोबेईंनी बायकोकडे पाण्यात भिजवलेला पखाळ भात मागितला. पण पाण्याला लालसर झाक होती, आणि ती चांगली खूण नव्हे. त्याच्या बाटल्या तपासणीला गेल्या.

"पाणी निघालं ना बाबू?" धोबेईंची बायको कुंतळा संबितला विचारत होती. "मग आता काय कळायचं राहिलंय?"

"अहवाल येऊ दे, मौसी," एवढेच तो म्हणाला.

मित्रांनो, मला भिंतीवरून उतरवायचे असेल तर उतरवा. नव्या यंत्रांचा मला राग नाही. फक्त ज्याच्या छातीचा फोटो बघणार आहात, त्याच्या छातीला आधी हात लावा. आणि हाताने जे सांगितले ते, हसे झाले तरी, मोठ्याने बोला.

आज सकाळी लिपिकाने धोबेईंची पाठ पुन्हा ठोकली. संबितनेही ठोकली, तिच्यानंतर. बद्द आवाज कालच्यापेक्षा दोन बोटे वर आला आहे, म्हणजे पाणी पुन्हा भरते आहे. अहवाल अजून आलेला नाही.