आक्कांच्या हातातली पिशवी

विश्वास कोणावर ठेवावा, सांगाल? बोलणाऱ्यावर, गप्प बसणाऱ्यावर, की माझ्यावर? घाई नाही, बसा. मी वजनकाटा बोलतोय, आणि माझा हल्ली स्वतःवरसुद्धा पुरता भरवसा उरलेला नाही.

माझा जन्म पोती तोलण्यासाठी झाला. शेठ आणि त्यांची थोरली बहीण आक्का, दोघं मिळून किराणा दुकान चालवायचे. संशय घ्यायला मी तिथंच शिकलो. एक साखरवाला पोतं चढवताना हळूच पाय टेकवायचा. आक्का हसून म्हणायच्या, "भाऊ, पायाला भाव वेगळा लावू का?"

दुकान बंद झालं, मी दवाखान्यात आलो. पुढे बहीणभाऊही येऊ लागले. दोघांनाही विसरण्याचा आजार. पण शेठना बोलका मुलगा होता. "डॉक्टर, बाबांना झोप नाही. तपासण्या करू या." तपासण्या झाल्या, गोळ्या बदलल्या, मोठ्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. आक्कांना मूलबाळ नाही. घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून त्यांना सोबत आणून बाकावर बसवायचे.

डॉक्टर जाता जाता विचारायचे, "काय आक्का, बरं आहे ना?"

"झकास!"

"जेवता ना?"

"आत्ताच पोटभर जेवले की!"

मग आक्का पिशवीसकट माझ्यावर चढायच्या. आकडा दर वेळी तोच. डॉक्टर म्हणायचे, "वजन टिकून आहे, काळजी नको."

मला मात्र संशय. गालांची हाडं वर आलेली आणि वजन तेवढंच? इथंही कुणाचा तरी पाय टेकलाय! पण मला तोंड कुठलं, नुसता आकडा.

परवा आक्का चढल्या आणि पिशवीत ठण्णकन वाजलं. मुलाचं नावही न आठवणारे शेठ ताडकन उठले. "आक्का, दुकानातली वजनं कुठं घेऊन निघालीस? पिशवी खाली ठेव, मग तोल!"

खरंच, पिशवीत लोखंडी वजनं होती. दुकान उघडायचंय म्हणून आक्का अधूनमधून एकेक भरत होत्या. त्या वाळत गेल्या, पिशवी जड होत गेली.

पिशवी उतरली, माझा काटा सरसर खाली आला. मुलगा पुटपुटला, "पण आत्या तर जेवले म्हणते..." डॉक्टरांनी पहिल्यांदाच आक्कांना तोंड उघडायला लावलं. कवळीखाली जखम चिघळली होती. घास चावताना दुखलं की ताट सरकवायचं, आणि का सरकवलं ते विसरायचं.

आता आक्कांनाही तपासायला डॉक्टर वेगळी वेळ देणार म्हणे. मुलगा तसं सांगून गेलाय. त्या पुन्हा माझ्यावर उभ्या राहतील तेव्हा खरं मानीन.

तुमच्या घरातही अशी दोन माणसं असतील, एकासाठी बोलणारं कुणीतरी आणि दुसऱ्यासाठी कुणीच नाही. दोघांचा हिशेब चोख ठेवा. आणि जे माणूस "झकास" म्हणतंय, त्याच्या हातातली पिशवी आधी उतरवून घ्या.