पिठाच्या गिरणीतला बँडसॉ

भांडुपच्या टेंभीपाड्यात, चढावरच्या अरुंद गल्लीत, चंद्रप्रकाश परबांची पिठाची गिरणी सव्वीस वर्षं चालली. मग दुकानांत तयार पिठाच्या पिशव्या आल्या, परबांचा खोकला वाढला आणि गिरणी बंद झाली. त्या जागेत मोबाईल दुरुस्तीवाल्याला बसवावं, असं त्यांच्या मनात होतं. पण त्यांची बायको नलिनी नोकरीतून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने गिरणीची किल्ली मागून घेतली.

नलिनीने तेहेतीस वर्षं कांजूरमार्गच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून, यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग कागदावर उतरवण्यात काढली होती. ड्रॉइंग ऑफिसच्या काचेपलीकडे पॅटर्न शॉप होतं. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना तिथे बनायचा. हिने कागदावर काढलेली रेघ पलीकडे लाकडात उतरायची, आणि ती उतरताना ही काचेतून बघत राहायची. आत जायची सोय नव्हती. यंत्रांजवळ बायका नकोत, असा फोरमन विद्याधर मराठ्यांचा नियम होता. माणूस वाईट नव्हता, पण आपलं म्हणणं त्याने कधी बदलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

किल्ली हातात आल्यावर नलिनीने कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून एक जुना लेथ शोधून आणला. गंज काढला, पट्टा बदलला, आणि दोन महिन्यांत ती त्यावर लाटणी आणि पलंगाचे पाय उतरवायला लागली. मग पायाने टेबल वरखाली होणारं एक ड्रिल मशीन आलं. गिरणीची थ्री फेजची वीज होतीच, त्यामुळे मोटारींचा प्रश्न नव्हता. आणि शेजाऱ्यांना आवाजाची सवय होती. कमी होता तो बँडसॉ. दोन मोठ्या चाकांवरून फिरणारी करवतीची लांब पट्टी असली, म्हणजे लाकडात हवं ते वळण कापता येतं.

तेवढ्यात बातमी आली की कारखाना पाडतायत, तिथे टॉवर होणार. नलिनी त्याच दुपारी कांजूरला गेली. यंत्रांची विल्हेवाट लावायला कंपनीने मराठ्यांनाच पुन्हा बोलावलं होतं. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, हातात काठी होती.

पॅटर्न शॉपच्या कोपऱ्यात तो बँडसॉ उभा होता. सत्तर वर्षांपूर्वी बोटीने आलेला, बिडाचा, आठ फुटांहून जरा कमी उंच.

"हा नका घेऊ, परब बाई," मराठे म्हणाले. "वरच्या चाकाचा शाफ्ट वाकलाय. पट्टी थरथरते. मी दहा वर्षं झगडलो, मग नाद सोडला."

"मग आता याचं काय होणार?"

"सोमवारी गॅस कटरने तुकडे."

"शनिवारी नेते मी."

मराठ्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "न्या. पण चालला तर मला बोलवा. नाही चालला तर बोलवू नका, मला वाईट वाटेल."

शनिवारी सकाळी टेम्पोवाल्याने बँडसॉ आणून गल्लीच्या तोंडाशी उतरवला आणि तो निघून गेला. आठशे किलोंचा ऐवज रस्त्याच्या कडेला उभा. वर चढ, चढावर केबलच्या आणि विजेच्या तारांचं जाळं. चंद्रप्रकाश कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. आयुष्य भांडुपात गेलं, तरी घाबरले की ते मालवणीत शिरत.

"अगो, ह्यां गिरणीत शिरतलां खंयसून?"

नलिनी सरळ अण्णांकडे गेली. अण्णा म्हणजे गल्लीच्या मंडळाचे कार्यकर्ते. वीस वर्षं गणपतीची मूर्ती या चढावरून वर आणायचं काम त्यांच्याकडे होतं. अण्णा आले, यंत्राला टिचकी मारली, वर तारांकडे बघितलं.

"गेल्या वर्षी बाप्पा नऊ फूट होते," ते म्हणाले. "हा तर आरामात जाईल."

मंडळाची मूर्तीची ट्रॉली आली. चौदा जण दोरांना लागले. दोघं टोकाला बेचकं असलेल्या बांबूंनी तारा उचलत पुढे चालले, दोघं मागून चाकांखाली लाकडी पाचर देत राहिले. ट्रॉली वीतभर सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. खिडक्यांतून बायका सूचना देत होत्या. सवयीने कुणीतरी बाप्पाच्या नावाने हाळी दिली आणि सगळ्या गल्लीने ती उचलली.

दाराशी आल्यावर अण्णा थांबले. "इथे अडकणार, ताई."

"नाही अडकणार. शटरची चौकट मी कालच काढून ठेवलीय. दोन बोटं जागा उरते."

यंत्र आत गेलं तेव्हा अण्णांनी भिंतीच्या फटीत बोटं घालून पाहिली. बरोबर दोन बसली. त्यांनी मागे वळून पोरांना ती बोटं दाखवली आणि टाळ्या पडल्या.

पण खरी लढाई पुढे होती. नलिनीने बेअरिंगं धुतली, मोटार जोडली, नवी पट्टी चढवली आणि बटण दाबलं. यंत्र घुमलं आणि पट्टी थरथरायला लागली, लाकडावर रेघेच्या दोन्ही बाजूंना ओरबाडे उठले.

"मराठे खोटं नव्हते बोलले," चंद्रप्रकाश म्हणाले.

"शाफ्ट वाकलाय हे त्यांनी मोजलं होतं का, ते मला ठाऊक नाही," नलिनी म्हणाली.

तिने दोन्ही चाकांच्या कडेवर खडूने चोवीस खुणा केल्या. कडेचा केसाएवढा उंचसखलपणा काट्याने दाखवणारा डायल गेज लावला, चाक हाताने खूण खूण पुढे नेलं आणि प्रत्येक आकडा आलेखाच्या कागदावर मांडला. शाफ्ट वाकडा असता तर रेघ संथ लाटेसारखी चढून उतरली असती. वरच्या चाकाची रेघ सपाट आली. खालच्या चाकाचीही सपाटच होती, फक्त एका जागी तिला टेंगूळ होतं. म्हणजे दोष शाफ्टमध्ये नव्हता, चाकाच्या कडेवर होता. मग खालच्या चाकावर पट्टीसाठी गादीसारखं चिकटवलेलं जुनं रबर तिने सोलून काढलं. खाली कधीकाळचा सरस आणि भुसा एकत्र वाळून दगडासारखा झाला होता. कुणीतरी घाईत त्याच्यावरच नवं रबर चिकटवलं होतं.

नलिनी पटाशीने खरवडायला बसली. चंद्रप्रकाश थोडा वेळ दारातून बघत राहिले, मग चप्पल काढून आत आले. गिरणीच्या दगडांना टाकी लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी डोळे मिटून चाकावरून तळहात फिरवला.

"हंय आसा अजून."

तिने तिथे खरवडलं. तीन दिवस हे असं चाललं. चौथ्या दिवशी गेजचा काटा हलायचा थांबला.

नवं रबर बसल्यावर तिने मराठ्यांना फोन केला. ते रिक्षाने आले. त्यांनी खिशातून पाच रुपयांचं जाड नाणं काढलं आणि यंत्राच्या टेबलावर कडेवर उभं केलं. "लावा," ते म्हणाले.

नलिनीने बटण दाबलं. पट्टी वेगात आली. नाणं उभं होतं. दारात अण्णा आणि गल्लीतली दहा-बारा माणसं श्वास रोखून बघत होती. मिनिट गेलं, दोन गेली. नाणं उभंच.

"शाफ्ट बदललात?" मराठ्यांनी विचारलं.

"शाफ्ट सरळच होता." तिने आलेख त्यांच्यापुढे धरला.

मराठ्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा पुन्हा वाचला. बोट टेंगळावर ठेवलं. "दहा वर्षं," ते स्वतःशीच म्हणाले. मग वर बघून, "मी तुम्हाला तेव्हाच आत बोलवायला हवं होतं."

नलिनीला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर आपले डोळे भरून येतील. तसं झालं नाही. तिला फक्त कधी एकदा कापायला घेते असं झालं. तिने सागाची लांब फळी उचलली. तिच्यावर खुर्चीच्या पाठीचं वळण पेन्सिलीने काढलेलं होतं.

"साहेब, पलीकडून टोक धरता का?"

मराठ्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी फळीचं टोक धरलं. नलिनीने फळी पुढे सारली. करवत लाकडात शिरली, वळणाबरोबर वळली, एकदाही न अडखळता पलीकडे निघाली. मराठ्यांनी तुकडा उजेडात धरला. काप रेघेच्या मधोमध गेला होता. पेन्सिलीची निम्मी रेघ कडेला तशीच शिल्लक होती.

त्यांनी तो तुकडा हळूच बाजूला ठेवला, दुसरी फळी आपणच उचलली आणि टेबलावर आणून दिली.

"घ्या बाई," ते म्हणाले, "मी धरतो."