हातावरचा पुसलेला आकडा

परळीच्या स्टँडवर उतरताना गर्दीत आमचा फोन पडला आणि फुटला. मी तुकडे गोळा करत होते, तेवढ्यात माझे यजमान धर्मराज जागच्या जागी थबकले.

"वत्सला, निळ्या डब्यातल्या बाजरीच्या पिठात म्या उंदराचं औषध कालवलंय. सांगायचं राह्यलं."

आमची मंजुषा बाळंतपणाला माहेरी आली होती, नेकनूरच्या घरात एकटी होती. निघताना मीच तिला सांगितलं होतं, "निळ्या डब्यात पीठ हाय, दुपारी दोन भाकरी थापून घे."

तिचा नंबर मी कपिलधारच्या जत्रेत हातावर गोंदवून घेतला होता. आकडे नुकतेच शिकले होते, त्याची हौस. पण मागच्या हंगामात ऊस तोडताना कोयता लागला आणि शेवटचा आकडा जखमेत गेला.

चहावाल्या बंकटनं त्याचा फोन पुढे केला. "लावा की मावशी शून्यापासून. धा जणांशी वळख हुईल."

"गप रे बाबा," मी म्हणाले. दहा ठिकाणी बोलेपर्यंत मंजू जेवून उठली असती.

साक्षरता वर्गात योगिताबाईंनी मोठा आकडा लिहायला सांगितला, तेव्हा मी हाच लिहिला होता. त्या म्हणाल्या होत्या, हा नवानं पुरता भागला जातो, कारण आकड्यांची बेरीज नवाच्या पाढ्यात येते. मी हातावर बोट ठेवून जुळवू लागले. सात आणि दोन नऊ. आठ आणि एक नऊ. परत सात आणि दोन. पाच आणि चार. उरला एक नऊ. सगळे नवातच बसले. म्हणजे गेलेला आकडा शून्य, नाहीतर नऊ.

"बंकट, नऊ लाव."

घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना.

"खाल्ली असंल पोरीनं," धर्मराज म्हणाले आणि खालीच बसले.

डोळ्यांपुढं नुसती परात येत होती. आणि मग वर्गातलं हसणं आठवलं. योगिताबाई म्हणाल्या होत्या, हा नंबर दोनानंही जातो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, त्यावरनं शेजारची तुळजाबाई ओरडली होती, "आमच्या कोयत्यावानी हाय की! नवरा-बायकूची जोडी, सुटं कुणी न्हाई!" शेवटी नऊ असता तर एक सुटा राहिला असता.

"अहो, उठा! ती घंटी दुसऱ्याच्याच घरी वाजतीय. बंकट, शून्य लाव!"

"हॅलो? कोण?" मंजूच होती.

"मी, तुझी आय. भाकर खाल्ली का?"

"आत्ताच बसलेय ताटावर. कावून गं?"

"तोंडाला लावू नको! पिठात औषध हाय!"

ताट आदळल्याचा आवाज आला.

"मंजू, तुकडा तरी मोडला का? खरं सांग."

"न्हाई, आये." तिचा आवाज कापत होता. "पण पहिली भाकर नेहमीसारखी गाईला दिली. मगाधरनं ती बसलीय, उठवलं तरी उठंना."

मी फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले. पलीकडून गाईचं घुरघुरणं ऐकू येत होतं.