पडद्याच्या मागून पाहिलेला डॉक्टर

गाठ अजून ओली होती. जुन्या लुगड्याच्या काठाची ती चिंधी, पुष्पीच्या डाव्या मुठीभोवती दोन वेढे देऊन मनगटाशी आवळलेली – आणि गाठीवर बारीक बारीक दातांच्या खुणा. सकाळपासून चावत बसली असणार पोर… कोकिळा त्या खुणांकडे बघत होती, आणि मांडीखाली दडवलेल्या साप्ताहिकातल्या दोन ओळी तिला न बघताही दिसत होत्या.

‘रोहिणखेडच्या भगिनी, सदर नट डावखुरे नाहीत. आपण चित्रपट नक्की पाहिला ना?’

पाहिला ना! गावाबाहेरच्या तंबूत, गोणपाटावर, सासूच्या गुडघ्याला गुडघा लावून, मांडीवर निजलेल्या या पोरीला पदराखाली घेऊन पाहिला – भाकरी थापता थापता उशीर झाला म्हणून सुरुवातीची नावं तेवढी हुकली. बाकी सगळा. पापणी न पाडता.

तिची मतं याआधी दोनदा छापून आली होती. सिनेमातल्या घरांना जिने असतात पण चूल नसते, हे एकदा. नायिका आसवं गाळगाळून थकते तरी तिचं काजळ जागचं हलत नाही, हे दुसऱ्यांदा. दुपारी पोर निजली की धान्याच्या कोठीवर पोस्टकार्ड ठेवून, उभ्या उभ्या लिहायचं, आणि नवरा, हिंमतराव, वांगी घेऊन मलकापूरला निघाले की त्यांच्या खिशात सरकवायचं. हौस, दुसरं काय. पण तिसरं कार्ड नुसत्या हौसेचं नव्हतं. ‘एवढा मोठा डॉक्टर डाव्या हाताने लिहितो, डाव्या हाताने आईला घास भरवतो, आणि चित्रपटात कोणीही त्याच्या हातावर मारीत नाही. हे मला फार आवडले.’ पुष्पीचं नाव त्यात कुठंच नव्हतं… आणि सगळं कार्ड पुष्पीचंच होतं. महाराष्ट्र झाला त्या सालची पोर, तीन वर्षांची. सगळ्या वस्तूंना आधी डावा हात पुढं करते म्हणून आजीनं बांधलेला. छापून आलं ते खरं, असं आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, ठाम मत. तेव्हा हे छापून आलं की मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि मग चिंधी सोडायची – असा बेत महिनाभर मनात घोळवला होता तिनं. आणि आता छापून आलं ते हे.

जेवायला आलेल्या हिंमतरावांनी तिच्याकडे बघितलं.

‘‘काऊन वं, तोंड काऊन पाडलं?’’

तिनं पान पुढं केलं. त्यांनी वाचलं, आणि असे हसले की ताकाचा ठसका लागला.

‘‘अवं येडे, तुम्ही बायका परद्याच्या मांगं बसल्या होत्या! आमी म्होरून पाह्यला. आमच्याकून त्यानं उजव्याच हातानं घास देला. मांगून समदं उलटं दिसते.’’

‘‘समदं?’’

‘‘समदं. पुढच्या खेपी तुले फेटा बांधून माणसांत बसवतो, मंग लिही.’’

ते वाफ्यांत पाणी सोडायला गेले तरी तो ‘समदं’ तिथंच राहिला, उष्ट्या ताटाशी. म्हणजे नायिकेचा उजव्या खांद्यावरचा पदर… मलकापूरला, माहेरी, पक्क्या थेटरात असा पदर कधी बघितला नव्हता. आता ही नवी तऱ्हा आली असेल म्हणून साऱ्याजणींनी सोडून दिलं होतं. आणि दवाखान्यावरची पाटी? ती वाचता येईना तेव्हा तिला वाटलं, उर्दू असेल – मशिदीच्या दगडावर असतात तशी अक्षरं, उलट्या बाजूनं लिहितात म्हणे. स्वतःचीच समजूत आपण किती हौसेनं घालतो! लाज वाटायला हवी होती. वाटलीही, भांडी घासून होईपर्यंत. मग राखेच्या हातांनी ती तशीच बसून राहिली, कारण लाजेच्या खालून भलतंच काही वर येत होतं… मी पाहिला तो डॉक्टर मग कोण होता? पन्नास बायकांनी पाहिला की. त्याच्यासाठी पन्नास पदर डोळ्यांना लागले. एकीला तरी तो हात खटकला का?

दिवस कलला तेव्हा आत्याबाई ओसरीवर सुपात डाळ निवडत होत्या. पुष्पी शेजारी, बांधल्या मुठीनं सुपावर थापट्या मारत.

‘‘आत्याबाई, त्या शिनेमात लेकानं मायले घास देला, आठवते?’’

‘‘न आठवाले काय झालं? दोन दिस माहे डोळे कोरडे झाले नाई.’’

‘‘कोन्त्या हातानं देला हो?’’

‘‘आता हात कोन ध्यानात ठेवते, बाई…’’ म्हणत आत्याबाईंनी डोळे मिटले. पडदा आठवत असाव्यात. आणि मग त्यांचा हात आपोआप उठला, बोटं घासासारखी जुळली, ओठांपाशी गेली. डावा. डोळे उघडून त्यांनी त्या हाताकडे बघितलं, बराच वेळ, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. तो सुपात परत आला तेव्हा एक खडा त्यांच्या नजरेतून निसटून गेला.

‘‘शिनेमातलं शिनेमात,’’ त्या म्हणाल्या. पण नेहमीच्या जोरानं नाही.

मागून सगळं उलटं दिसतं, हे सांगायला हवं होतं कोकिळेनं. जिभेवर आलंही होतं. सांगितलं नाही. खोटं कुठं बोलतेय मी? पाहिलं तेच विचारलं… आणि ते दोन ओळी लिहिणारे गृहस्थ, त्यांना आयुष्यात कधी कुणी पडद्यामागं बसवलं असेल का?

पुष्पीनं दातांनी गाठ जवळजवळ सोडवत आणली होती. चिंधीचं टोक लोंबत होतं. ते आवळायला सवयीनं कोकिळेचा हात पुढं झाला, आणि वाटेत थबकला – आजवर इतक्यांदा ही गाठ आवळली, पण कोणता हात आपण आधी पुढं करतो, हे तिनं कधीच बघितलं नव्हतं.