पालथा तिलेक

आमच्याकडे बाळाला पाळण्यात उताणं निजवून पट्ट्यांनी बांधतात. माझ्या थोरल्या जावेनं, ऊलकाननं, आपली सगळी मुलं अशीच वाढवली. म्हणून नातू तिलेक पाळण्यात निळा पडायला लागला, तेव्हा तिनं सुनेलाच धारेवर धरलं.

"तुझ्या दुधातच खोट आहे, बुरुल. नाकातून परत येतंय ते. आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं."

 एका दुपारी बुरुलनं पट्ट्या सोडल्या आणि बाळाला मांडीवर पालथं घातलं. छातीतली घरघर थांबली.

"अगं, उताणं कर! गुदमरेल!" ऊलकान ओरडली.

बुरुलनं तसं केलं, तर ओठ पुन्हा निळे. तिनं त्याला परत पालथं घेतलं. "आपा," ती सासूला म्हणाली, "हवं तितकं रागवा. आता मी याला उताणं करणार नाही."

लगेच आम्ही तिघी गाडी करून नारिनच्या इस्पितळात निघालो. घाटभर बाळ तिच्या हातावर पालथंच.

डॉक्टर चिनारानं बॅटरी धरून त्याच्या तोंडात पाहिलं. "टाळूला मागे भेग आहे, म्हणून दूध नाकात जातं. हनुवटी बघा, किती आत आहे. जीभ मागे पडून श्वासाची वाट अडवते. पालथं घेतलं म्हणून वाचला. कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," बुरुल म्हणाली.

डॉक्टरनं नाकातून घशापर्यंत मऊ नळी सरकवली. बाळ शांत श्वास घेऊ लागलं. मग डॉक्टरची नजर ऊलकानच्या जाड चष्म्यावर गेली.

"आपा, चष्मा कधीपासून?"

"शाळेपासून. एक डोळा तर तरुणपणीच गेला."

"गुडघे?"

"ते विचारूच नका."

"आणि मुलगा?"

"एर्मेक? त्याला चष्म्याशिवाय मेंढी कुठली न् धोंडा कुठला, कळत नाही."

"बाळाचं रक्त तपासायला राजधानीत, बिश्केकला पाठवते. पण मला वाटतं, टाळू, डोळे, गुडघे, हे सगळं एकाच आजाराचं आहे, तुमच्याकडून मुलात, मुलाकडून नातवात आलेलं. दोष कुणाचाच नाही. मात्र तुमचा उरलेला डोळा तपासायला हवा."

बाहेर आल्यावर ऊलकान मला म्हणाली, "मी तिला काय काय बोलले गं."

"मला काय सांगतेस? तिला सांग."

ते काही तिला जमलं नाही. ती आत गेली आणि बाळाला स्वतःच्या हातावर पालथं घेऊन म्हणाली, "तू पड जरा. हात भरून आला असेल."

बुरुल भिंतीला टेकली आणि तिथंच झोपली.

बिश्केकचा अहवालही तसाच आला. ऊलकानच्या डोळ्याचा पडदा सुटायला लागला होता. तो वेळेत सांधला. तिलेक वर्षाचा झाल्यावर त्याचा टाळू शिवला. आता तो धावतो, पण बोलणं अजून नाकातून येतं. वाचा शिकवणाऱ्या बाई 'प' घोटून घेतात. तो आजीला "आपा"ऐवजी "आमा" म्हणतो आणि ऊलकान लगेच धावते.

"आपा, चुकीच्या हाकेला ओ देऊ नका," बुरुल चिडते. "मग शिकेल कसा?"

"शिकेल गं. पोरानं हाक मारली, तर काय बसून राहू?"